लोहाची गोळी अंगी कशी लागते? सरकारी लाल गोळी, मेडिकलची पट्टी आणि चहाचा कप : सविस्तर माहिती

नांदेड / लातूर : "रक्त आठ पॉईंटच आहे," असं उपकेंद्रातल्या सिस्टरनी सांगितलं की आपल्याकडं बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. आशाताईंनी दिलेली लाल गोळी चार दिवस घेतली जाते. मळमळलं, संडास काळी झाली, की ती पट्टी डब्यात पडून राहते. मग मेडिकलवरून महागाची गोळी येते. सासूबाई बीट आणि खजूर आणायला लावतात. महिन्यानं परत तपासलं तर रक्त तिथंच, नाहीतर अर्धा पॉईंट वर. मग म्हणायचं, "गोळी लागूच पडंना."

गोळी लागू पडते. पण पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात जात नाही. ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी गिळली तर त्यातलं साधारण ६ ते १२ मिलिग्रॅमच शरीर शोषून घेतं, बाकीचं संडासावाटे निघून जातं. हा आकडा ६ ठेवायचा का १२ वर न्यायचा, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. गोळीच्या किमतीपेक्षा ती कधी घेतली, कशाबरोबर घेतली आणि किती महिने घेतली, यावर ते जास्त ठरतं.

थोडक्यात, घाई असेल त्यांच्यासाठी

• सरकारी लाल गोळीतलं लोह चांगलं शोषलं जातं. फुकट आहे म्हणून कमी ताकदीची नाही.
• लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. दोन तासांचं अंतर ठेवा.
• पाण्याबरोबर, शक्यतो लिंबू पाण्याबरोबर घ्या.
• मळमळ होत असेल तर गोळी बंद करू नका, वेळ बदला.
• काळी संडास होणं नेहमीचं आहे, घाबरू नका.
• महिनाभर नीट गोळी घेऊनही रक्त १ पॉईंट वाढलं नाही तर पुढची तपासणी करा.
• गोळ्या लहान लेकरांच्या हाताला लागू देऊ नका.

हा प्रश्न किती मोठा आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी होतं. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हा आकडा ५४.२ टक्क्यांवर गेला. पाच वर्षांखालच्या लेकरांमध्ये तो ६८.९ टक्के आहे. म्हणजे कुठल्याही गावात दोन बायका बोलत उभ्या असल्या तर त्यातल्या एकीला हा त्रास असण्याची शक्यता आहे.

याचं मोठं कारण म्हणजे लोहाची कमतरता. पाळीत दर महिन्याला ३० ते ४० मिलिलिटर रक्त गेलं तरी १५ ते २० मिलिग्रॅम लोह जातं. अंगावरून जास्त जात असेल तर त्याहून अधिक. एका गरोदरपणाला एकूण सुमारे १ ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त या सगळ्यांना ते पुरवावं लागतं. नुसत्या भाजी-भाकरीतून एवढं भरून निघणं अवघड, म्हणून गोळी.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, असं नाही. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं. एका लाल गोळीइतकं लोह बिटातून घ्यायचं तर सात-साडेसात किलो बीट खावं लागेल. बीट खा, चांगलंच आहे, पण गोळी सोडून नको.

पट्टीवर नेमकं काय वाचायचं?

लोह गोळीत एकटं नसतं. ते दुसऱ्या पदार्थाशी जोडलेलं असतं, त्या जोडीला क्षार म्हणतात. त्यामुळं पट्टीवर '२०० मिग्रॅ' लिहिलेलं असलं तरी ते सगळं लोह नसतं. बघायचे शब्द दोनच : 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे प्रत्यक्ष लोह. इंग्रजी वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारा, "यात एलिमेंटल आयर्न किती आहे?"

अंदाज असा :

• फेरस सल्फेट (कोरडं) २०० मिग्रॅ : प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिग्रॅ
• फेरस फ्युमरेट २०० मिग्रॅ : साधारण ६५ मिग्रॅ
• फेरस ग्लुकोनेट ३०० मिग्रॅ : साधारण ३५ मिग्रॅ
• फेरस अस्कॉर्बेट, आयर्न पॉलिमाल्टोज, कार्बोनिल आयर्न : यांच्या पट्टीवर बहुतेक वेळा थेट प्रत्यक्ष लोहच लिहिलेलं असतं, बऱ्याचदा १०० मिग्रॅ

पण १०० मिग्रॅची गोळी ६० मिग्रॅच्या गोळीपेक्षा तितक्याच पटीनं जास्त लागू पडते, असं होत नाही. एकावेळी लोह जास्त गेलं की त्यातलं शोषलं जाण्याचं प्रमाण कमी होतं आणि पोटाचा त्रास वाढतो.

पोटात गेल्यावर काय होतं?

लोह शोषलं जातं ते जठराच्या लगेच पुढं, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. ती जागा थोडी आहे आणि गोळी तिथून लवकर पुढं सरकते. लोहाची दोन रूपं असतात. 'फेरस' रूप आतड्याच्या दारातून सरळ आत जातं. 'फेरिक' रूपाला आधी फेरस व्हावं लागतं, मग आत जाता येतं. म्हणून पट्टीवर 'फेरस' लिहिलेल्या साध्या गोळ्या साधारणपणे चांगल्या शोषल्या जातात.

शरीराचा एक राखणदारही आहे. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं द्रव्य. अंगात लोह पुरेसं असलं की हे वाढतं आणि आतड्याचं दार बंद करतं. लोह कमी असलं की ते घटतं आणि दार उघडं राहतं. ताप, जंतुसंसर्ग, जुनी सूज असली तरी हेप्सिडिन वाढतं, म्हणून आजारपणात गोळी कमी लागू पडते. गोळी घेतल्यावरही ते साधारण दिवसभर वाढलेलं राहतं. म्हणून सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी घेतली की दुप्पट लोह रक्तात गेलं, असा हिशेब जुळत नाही.

कोणती गोळी कशी?

फेरस सल्फेट : सगळ्यात जुनी आणि स्वस्त. जगभर नव्या गोळ्यांची तुलना हिच्याशीच केली जाते. चांगली शोषली जाते. तोटा एवढाच की मळमळ, पोट दुखणं, बद्धकोष्ठ काहींना जास्त होतं. लोह आणि सल्फेटच्या गोळ्यांचा इतिहास १८३२ पर्यंत जातो. फ्रान्समधले डॉक्टर पिएर ब्लो यांनी तेव्हा अशा गोळ्या देऊन फिकट पडलेल्या तरुण मुली बऱ्या केल्या होत्या.

फेरस फ्युमरेट : शोषण सल्फेटच्या जवळपास बरोबरीचं. स्वस्तच.

फेरस ग्लुकोनेट : शोषण ठीक, पण एका गोळीत लोह कमी. ज्यांना मोठी मात्रा सोसत नाही त्यांना डॉक्टर देतात.

फेरस अस्कॉर्बेट : लोहाला व्हिटॅमिन सी जोडलेलं. लोह फेरस रूपात टिकून राहतं, त्यामुळं शोषण चांगलं. आपल्याकडच्या खासगी डॉक्टरांची ही आवडती गोळी. चांगली आहे, पण सल्फेटपेक्षा महाग. परवडत नसेल तर हिच्यासाठी उसनवारी करायची गरज नाही.

फेरस बिसग्लायसिनेट : लोह अमिनो आम्लाशी बांधलेलं. भाकरी-डाळीतले अडथळे हिला कमी अडवतात आणि पोटाला त्रास कमी. किंमत जास्त.

कार्बोनिल आयर्न : शुद्ध लोहाची अतिशय बारीक पूड. जठरातल्या आम्लात हळूहळू विरघळते, मग शोषली जाते. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना ही कमी लागू पडते.

आयर्न पॉलिमाल्टोज : हे फेरिक रूप. चव बरी, मळमळ कमी, म्हणून लेकरांच्या सिरपमध्ये खूप चालतं. हे इतर गोळ्यांच्या उलट जेवणाबरोबर घ्यायचं असतं. पण याच्या शोषणाबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. २००३ मध्ये मुंबईचे रक्तविकारतज्ज्ञ डॉ. बी. सी. मेहता यांनी भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात, लोह कमी असलेल्या रुग्णांवर हे औषध निष्प्रभ ठरत असल्याचं मांडलं होतं. काही अभ्यासांत मात्र ते साध्या क्षारांच्या बरोबरीनं उतरलं. तुम्ही हे सिरप दोन महिने देताय आणि लेकराचं रक्त वाढत नाही, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "फेरसचं औषध देऊन बघायचं का?"

आतड्यात उशिरा विरघळणाऱ्या गोळ्या : पोटाला त्रास होऊ नये म्हणून काही गोळ्यांवर खास आवरण असतं. त्रास कमी होतो, पण गोळी विरघळेपर्यंत शोषणाची जागा मागं पडलेली असते. त्यामुळं शोषण कमी होतं.

सरकारी गोळ्यांचे रंग

२०१८ पासून 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात वयानुसार मात्रा आणि रंग ठरवले आहेत. आशाताई, अंगणवाडी, शाळा, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र इथं या फुकट मिळतात.

• ६ महिने ते ५ वर्षं : सिरप, १ मिलि, आठवड्यातून दोनदा. त्यात २० मिग्रॅ लोह.
• ५ ते ९ वर्षं : गुलाबी गोळी, ४५ मिग्रॅ लोह, आठवड्यातून एकदा.
• १० ते १९ वर्षं : निळी गोळी, ६० मिग्रॅ लोह, आठवड्यातून एकदा.
• २० ते ४९ वयाच्या महिला : लाल गोळी, ६० मिग्रॅ, आठवड्यातून एकदा.
• गरोदर बाई : लाल गोळी, ६० मिग्रॅ, चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस.
• बाळंतीण : तीच लाल गोळी, रोज एक, पुढं १८० दिवस.

हे सगळं रक्त कमी होऊ नये म्हणून. तपासणीत गरोदर बाईचं रक्त ७ ते १०.९ पॉईंट निघालं तर मात्रा वाढवून रोज दोन लाल गोळ्या देतात. हे सिस्टर किंवा डॉक्टर सांगतील, आपल्या मनानं नको.

या गोळ्यांत लोहाबरोबर फॉलिक ॲसिडही असतं. त्याचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांचं रक्त का आटतं, याचा त्यांनी हाफकिन संस्थेतून शोध घेतला. यीस्टचा अर्क दिल्यावर या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये जगापुढं मांडलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढं ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड.

चहा, कॅल्शियम आणि भाकरी

गोळीचं सगळ्यात जास्त नुकसान चहा करतो. चहातला टॅनिन नावाचा तुरट घटक लोहाला धरून ठेवतो आणि ते आतड्यातून तसंच पुढं निघून जातं. जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातल्या लोहाचं शोषण ६० टक्क्यांपर्यंत घटतं, असं जुन्या अभ्यासांतच दिसलं आहे. काळा चहा, दुधाचा चहा, दोन्ही सारखेच. कॉफीही त्याच वाटेची. सकाळी उठल्या उठल्या चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी, ही आपल्याकडची सवय गोळीचा निम्मा फायदा घालवते. चहा सोडा असं कुणी म्हणत नाही. चहा आणि गोळी यांच्यात दीड-दोन तास जाऊ द्या.

दुसरी अडचण कॅल्शियमची. गरोदर बाईला लोहाबरोबर कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या जातात, रोज दोन. अनेक जणी विसरायला नको म्हणून दोन्ही एकदम गिळतात. कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. म्हणून नियम असा : कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह जेवणापासून लांब, मध्ये किमान दोन तास.

तिसरी गोष्ट ज्वारीची भाकरी, डाळी, सोयाबीन. यात फायटेट असतं, तेही लोहाला बांधतं. म्हणून भाकरी सोडायची नाही, आपलं पोट तिच्यावरच आहे. फक्त गोळी भाकरीच्या घासाबरोबर नको. जेवणात आंबट घेतलं तर अन्नातलं लोह जास्त सुटतं. वरणावर लिंबू पिळा, अंबाडीची भाजी करा, चिंचेचं सार घ्या, जेवणासोबत पेरूची फोड किंवा आवळा खा. आंबट आमटी लोखंडी कढईत केली तर कढईतलंही थोडं लोह उतरतं. मटण-मासे खाणाऱ्या घरांत त्यातलं लोह भाजीपेक्षा कितीतरी सोपं पचतं.

लिंबू पाण्याबरोबर गोळी घेणं चांगलं, पण वेगळी व्हिटॅमिन सीची गोळी विकत घ्यायची गरज नाही. चीनमध्ये शांघायला ४४० रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोहाबरोबर व्हिटॅमिन सीची गोळी घेणाऱ्यांचं आणि नुसतं लोह घेणाऱ्यांचं रक्त सारखंच वाढलं.

शेतावर जाणाऱ्या गरोदर बाईसाठी सोपी वेळ

• सकाळी ७ : चहा
• सकाळी ९ ते १० : जेवण, त्यासोबत कॅल्शियमची पहिली गोळी
• संध्याकाळी ७ ते साडेसात : जेवण, त्यासोबत कॅल्शियमची दुसरी गोळी
• रात्री साडेनऊ-दहा : पाण्याबरोबर लाल गोळी, थोडा वेळ बसून मग झोप

रात्री घेतल्यानं मळमळ झोपेत निघून जाते, हा आणखी एक फायदा. रात्री लक्षात राहत नसेल तर दुपारी, चहाच्या दोन तास आधी घ्या.

आणखी काही औषधं लोहाच्या आड येतात. ॲसिडिटीच्या गोळ्या (पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे) लोहाचं शोषण कमी करतात. थायरॉईडची गोळी आणि लोह यांच्यात चार तास हवेत, नाहीतर थायरॉईडचीच गोळी लागू पडत नाही. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही जंतुनाशकंही लोहासोबत घ्यायची नाहीत. दवाखान्यात गेलात की "मी रक्ताची गोळी घेते" हे सांगाच.

रोज घ्यायची की एक दिवसाआड?

स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात तरुण महिलांवर एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या महिलांच्या अंगात लोहाचा साठा कमी होता, पण रक्त कमी नव्हतं. एका गटानं ६० मिग्रॅची गोळी सलग १४ दिवस घेतली. दुसऱ्या गटानं तेवढ्याच १४ गोळ्या एक दिवसाआड, २८ दिवसांत घेतल्या. रोज घेणाऱ्यांनी एकूण १३१ मिग्रॅ लोह शोषलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांनी १७५ मिग्रॅ. कारण तेच, हेप्सिडिन. मधल्या दिवशी दार पुन्हा उघडतं.

पण हा हिशेब नीट समजून घ्या. एक दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळी जास्त लागू पडली, तरी त्याला दिवसही दुप्पट लागले. गरोदरपणात दिवस मोजके असतात. त्यामुळं सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला रोजचीच गोळी आहे आणि ती तशीच घ्यावी. गरोदर नसलेल्या आणि रोजची गोळी अजिबात सोसत नसलेल्या महिलांनी डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्यायला हरकत नाही. गोळी बंद करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मळमळ होते, काय करू?

गोळी उपाशीपोटी सगळ्यात चांगली शोषली जाते. जेवणाबरोबर घेतली तर शोषण निम्म्यापर्यंत घटू शकतं. पण उपाशीपोटी घेऊन उलटी झाली तर सगळीच गेली. म्हणूनच शाळेत मुलांना जेवणानंतर गोळी देतात. पोटात टिकलेली गोळी डब्यात पडलेल्या गोळीपेक्षा चांगली.

पायरीपायरीनं असं करून बघा :

१. आधी वेळ बदला, रात्री झोपताना घ्या.
२. तरी त्रास झाला तर जेवणानंतर तासाभरानं घ्या.
३. तरीही नाही जमलं तर सिस्टरना सांगा. क्षार बदलता येतो, मात्रा कमी करता येते.
४. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढवा, पालेभाजी आणि फळ घ्या.

संडास काळी होणं हे न शोषलेल्या लोहामुळं. पण संडास डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल किंवा लाल रक्त पडत असेल तर ते वेगळं, लगेच दाखवा. "गोळी गरम पडते, बाळ काळं होतं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अवघड जातं" या तिन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. बाळाच्या रंगाचा गोळीशी संबंध नाही. उलट आईचं रक्त कमी असेल तर बाळ कमी वजनाचं, दिवसाआधी जन्मण्याचा धोका वाढतो. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी आईचा जीव धोक्यात येतो.

गोळी नीट घेऊनही रक्त वाढत नाही

सगळं पाळलं, महिना झाला, तरी १ पॉईंट वाढलं नाही. मग कारण शोधावं लागतं.

जंत : अनवाणी शेतात फिरल्यावर आकड्या कृमी पायातून शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. लेकरांना वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका. गरोदर बाईला ती पहिले तीन महिने देत नाहीत, नंतर दवाखान्यातच देतात.

रक्त जाणं : पाळीत जास्त जाणं, मूळव्याध, जठरातला अल्सर. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी निघालं तर नुसत्या गोळ्या घेत बसू नका. रक्त कुठून जातंय ते आधी तपासा.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया : किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात हे खास लक्षात ठेवायचं. या आजारांत रक्त कमी असतं, पण लोह कमी असेलच असं नाही. अशा रुग्णाला तपासणीशिवाय महिनोन्‌महिने लोह देत राहणं बरोबर नाही. सिकलसेलची चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. घरात कुणाला हा आजार असेल तर सिस्टरना आधीच सांगा. मात्र गरोदर असाल तर डॉक्टरांना न विचारता गोळी बंदही करू नका.

बी-१२ कमी असणं : पूर्ण शाकाहारी, दूध-दही कमी खाणाऱ्यांमध्ये हे दिसतं. लोहाच्या गोळीनं ते भरून येत नाही.

सुई कधी लागते?

गरोदर बाईचं रक्त ७ पॉईंटच्या खाली असेल तर गोळीवर थांबत नाहीत. शिरेतून लोहाचं इंजेक्शन दवाखान्यात देतात. यात आतड्याचा प्रश्नच येत नाही, लोह थेट रक्तात जातं. शेवटच्या तीन महिन्यांत ७ च्या खाली असेल तर भरती व्हावं लागतं. ५ च्या खाली असेल तर कितवाही महिना असो, तातडीनं दवाखाना, रक्त चढवावं लागू शकतं. अशा वेळी विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था किंवा जवळचं जिल्हा-उपजिल्हा रुग्णालय गाठा. १०८ ला फोन केला की गाडी येते. सल्ला हवा असेल तर १०४.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी रक्त तपासून घ्या आणि आकडा कार्डावर लिहून मागा. मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा आकडा शेजारी ठेवला की गोळी लागू पडते का नाही, हे तुम्हालाच कळतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी

मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर भागातून दिवाळीनंतर अनेक कुटुंबं कारखान्यावर जातात. गरोदरपणातले सगळ्यात मोलाचे महिने फडात जातात आणि १८० गोळ्यांचा हिशेब तिथंच तुटतो. निघण्याआधी उपकेंद्रातून पुढच्या महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या, मागायला लाजू नका. माता-बाल कार्ड सोबत ठेवा, ते दाखवलं की कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या आणि तपासणी मिळते. कोपीत गोळ्या ओल लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवा. रंग उडालेली, ओलसर झालेली गोळी घेऊ नका, बदलून मागा.

किती दिवस घ्यायची?

रक्त १२ पॉईंट झालं की गोळी बंद, हीसुद्धा नेहमीची चूक. आधी रक्त भरतं, साठा नंतर. साठा भरला नाही तर दोन-चार पाळ्यांत रक्त पुन्हा खाली येतं. म्हणून रक्त नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला डॉक्टर सांगतात.

लेकरांपासून लांब ठेवा

लाल गोळीवर साखरेचं आवरण असतं. लेकराला ती चॉकलेटची गोळी वाटते. १० किलो वजनाच्या लेकरानं अशा १० गोळ्या खाल्ल्या तर त्याच्या पोटात किलोमागं ६० मिग्रॅ लोह जातं, आणि एवढ्यानं जिवावर बेतू शकतं. उलट्या थांबल्या, लेकरू खेळायला लागलं, म्हणून घरी थांबू नका. मधल्या काही तासांत बरं वाटतं आणि मग तब्येत एकदम ढासळते. रिकामी पट्टी सोबत घ्या आणि सरळ मोठा दवाखाना गाठा.

लेकराला सिरप देताना ड्रॉपरनं जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, म्हणजे दात काळे पडत नाहीत. वरून पाणी पाजा.

डब्यात पडलेली लाल पट्टी असेल तर आज रात्री काढा. आधी मागची तारीख बघा, मुदत संपली नसेल तर जेवणानंतर दोन तासांनी एक गोळी पाण्याबरोबर घ्या. मुदत संपली असेल तर उद्या आशाताईंकडून नवी घ्या.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. गरोदरपण, सिकलसेल, थॅलेसेमिया, किडनी किंवा जठराचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)